कांदा, कुलाबा, करवीर: गावाचं मत आणि शहराचं मत

उन्हाळ_कांदा (धागाकर्ता)

निकाल लागला की इथे दोन जिलब्या (म्हणजे घाईने पाडलेले धागे) हमखास पडतात. एक, 'पंधराशे रुपयांत मत विकणारी गावं'. दुसरी, 'मतदानाच्या सुट्टीत लोणावळा गाठणारी शहरं'. दोन्हीकडे तीच दहा-बारा माणसं भांडतात आणि शेवटी संपादक मंडळ कुलूप लावतं. म्हणून इथे एकाच पिकाबद्दल बोलतो. घर निफाड तालुक्यात, नोकरी पुण्यात, त्यामुळे कांद्याचे दोन्ही भाव रोज कानावर पडतात.

फेब्रुवारी २०२३. लाल कांद्याचे भाव इतके कोसळले की सोलापूरच्या बाजारात पाचशे किलोवर कांदा घालून एका शेतकऱ्याच्या हातात दोन रुपयांचा चेक पडला. पेपरात सगळ्यांनी वाचलं असेल. राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, मर्यादा २०० क्विंटल. सातबाऱ्यावर नोंद आहे का, ती कोणत्या हंगामाची, यात अनेकांचे अर्ज महिनोन् महिने लटकले.

ऑगस्ट २०२३. शहरात किरकोळ भाव चढतील अशी लक्षणं दिसताच केंद्राने ४० टक्के निर्यातशुल्क लावलं. लासलगावला लिलाव बंद पडले. त्याच सुमारास दिल्लीसारख्या शहरांत गाड्यांवरून २५ रुपये किलोने सरकारी कांदा विकायला सुरुवात झाली. ८ डिसेंबरला तर निर्यातच बंद. ती उठली ४ मे २०२४ ला, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. मधल्या काळात, एप्रिलमध्ये, गुजरातच्या २००० टन पांढऱ्या कांद्याला मात्र परवानगी मिळाली. आमच्याकडे बंदीपेक्षा ही बातमी जास्त झोंबली.

१५ मेला पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा होती. तिथे एका तरुणाने उठून 'कांद्यावर बोला' म्हणून ओरडा केला. २० मेला आमच्याकडे लोकसभेचं मतदान झालं (नगर, शिरूरला १३ मेलाच झालं होतं). दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या, भास्कर भगरे सर निवडून आले. नाशिकला राजाभाऊ वाजे, नगरला नीलेश लंके, शिरूरला अमोल कोल्हे, धुळ्याला शोभा बच्छाव. कांद्याच्या पट्ट्यातून सत्ताधारी महायुती जवळजवळ पुसून गेली.

माझं म्हणणं एवढंच: शहर एका पक्षाचं आणि गाव दुसऱ्या पक्षाचं, असं महाराष्ट्रात नाही. फरक आहे तो सरकार कोणाच्या हाकेला किती लवकर धावतं याचा. खाणाऱ्याचा भाव वाढला तर अधिसूचना एका रात्रीत निघते. पिकवणाऱ्याचा भाव पडला तर समिती बसते. गावच्या मतात जो राग दिसतो तो या दोन वेगांमधला आहे.

---

कट्टेकरी

मी पयला! पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. सविस्तर प्रतिसाद नंतर.

---

ठाणेकर_नं१

धागा चांगला आहे पण एकतर्फी. चार मुद्दे.

कांदा महागल्यावर बोंबलणारा शहरी माणूस म्हणजे मॉलमध्ये फिरणारा, असं गृहीत धरून लिहिलंय. कळवा, मुंब्रा, दिवा इथे महिना पंधरा-अठरा हजारांत घर चालवणारे लोक आहेत. त्यांना ऐंशी रुपये किलो कांदा परवडत नाही.

दुसरं, शहर एका बाजूचं असतं हे तर निखालस चूक. त्याच लोकसभेला मुंबईच्या सहापैकी चार जागा विरोधी महाविकास आघाडीने जिंकल्या. वायव्य मुंबईचा निकाल ४८ मतांनी लागला. उलट पुणे, नागपूर, ठाणे, कल्याण महायुतीकडे. आता यात 'शहरी मत' नावाची वस्तू कुठे आहे ते दाखवा.

तिसरं, सरकार घाबरतं त्याला इतिहास आहे. १९९८ ला दिल्लीत कांद्याने भाजपचं सरकार घालवलं, सुषमा स्वराज यांच्या जागी शीला दीक्षित आल्या. शेतकऱ्यांच्या रागाने असं एखादं सरकार पडलं असतं तर अधिसूचना त्यांच्यासाठीही रात्रीत निघाल्या असत्या.

आणि चौथं, गावच्या राजकीय शहाणपणाचं फार कौतुक नको. त्याच दिंडोरीत भगरे सरांच्या आडनावाचा आणि साधी 'तुतारी' चिन्ह असलेला एक अपक्ष लाखावर मतं घेऊन गेला. लोकांना 'तुतारी' आणि भगरे सरांचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस' यातला फरक कळला नाही.

---

उन्हाळ_कांदा

पहिल्या दोन मुद्द्यांशी सहमत. दुसरा तर माझाच मुद्दा आहे, तुम्ही मुंबईचे आकडे देऊन पक्का केलात.

तिसऱ्याबद्दल. दिल्लीत सगळा राग एका शहरात, एका निवडणुकीत, सगळ्या वाहिन्यांच्या कॅमेऱ्यापुढे असतो. शेतकऱ्याचा राग पिकागणिक आणि तालुक्यागणिक वाटला जातो. कांदा नाशिक-नगर-पुण्याचा, सोयाबीन लातूर-वाशीमचा, कापूस जळगाव-यवतमाळचा, ऊस कोल्हापूरचा. सगळे एकाच वर्षी पडत नाहीत. आम्ही रडतो तेव्हा उसवाला हसत असतो. अवांतर: तेव्हा वाणिज्य आणि ग्राहक व्यवहार ही दोन्ही खाती एकाच मंत्र्यांकडे होती. म्हणजे निर्यात वाढवायची कोणी आणि देशात भाव धरून ठेवायचे कोणी, दोन्हीचं उत्तर पीयूष गोयल. ते उभे राहिले उत्तर मुंबईतून आणि साडेतीन लाखांवर मताधिक्याने जिंकले. यात गैर काही नाही. पण त्यांच्या मतदारसंघात कांदा कोणी पिकवत नाही, खातात मात्र सगळे.

चौथ्याबद्दल: मशीनवर दोन्हीकडे तुतारीच दिसत असेल तर सत्तरीच्या म्हातारीने काय करायचं? असाच घोळ पार्ल्यात घालून बघा, मग बोलू.

---

बाभूळबन

मी जालना जिल्ह्यातला. नाशिकवाले 'गाव' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर द्राक्षबाग आणि कांदा साठवायची चाळ असते. आमच्याकडे २०२४ च्या लोकसभेला शेतमालाचा भाव हा विषय तिसऱ्या-चौथ्या नंबरवर होता. पहिला मराठा आरक्षणाचा. अंतरवाली सराटीतल्या उपोषणानंतर आणि तिथल्या लाठीमारानंतर गावागावांत पुढाऱ्यांना बंदीचे बोर्ड लागले होते. रावसाहेब दानवे पडतील असं दोन वर्षांपूर्वी कोणी म्हटलं असतं तर लोक हसले असते. बीडला पंकजाताई मुंडे साडेसहा हजारांनी पडल्या. मराठवाड्याच्या आठ जागांपैकी महायुतीला एक संभाजीनगरच मिळालं. दलित वस्त्यांमध्ये 'संविधान बदलणार' हीच चर्चा होती. हे सगळं 'ग्रामीण नाराजी' नावाच्या एका पोत्यात भरू नका. माझ्या गावात मराठा आळी आणि वंजारी आळी या दोघांचं मत एकाच सोयाबीनच्या भावातून विरुद्ध दिशांना गेलं.

दुसरी गोष्ट, गावात राहतो तो सगळाच शेतकरी नाही. २०११ च्या जनगणनेत देशात शेतकरी सुमारे ११.९ कोटी आणि शेतमजूर १४.४ कोटी. मजूर बाई कांदा विकत घेते हो. भाव वाढला तर तिचं नुकसानच. तिच्या बाजूने इथे कोणीच बोललेलं नाही.

---

अनुस्वार

बाभूळबन, +१. मजूर बाईचा मुद्दा पुढे नेते, कारण त्यातूनच पुढच्या सहा महिन्यांत काय झालं ते कळतं.

लोकसभेला कांद्याने धुळधाण उडवली म्हणता, मग नोव्हेंबर २०२४ ला त्याच नाशिक जिल्ह्यात १५ पैकी १४ आमदार महायुतीचे कसे? उरलेली एक जागा मालेगाव मध्य, ती एमआयएमकडे. राज्यात भाजप १३२, शिंदे ५७, अजित पवार ४१. आघाडी तिन्ही पक्ष मिळून पन्नाशीच्या आत. मतदार तेच, गावं तीच, चाळीही त्याच.

मधल्या काळात बऱ्याच गोष्टी झाल्या. 'लाडकी बहीण'चे महिना पंधराशे जुलैपासून. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे हप्ते आचारसंहितेआधीच खात्यात. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं वीजबिल माफ. १३ सप्टेंबरला कांद्याचं किमान निर्यातमूल्य काढलं, शुल्क ४० वरून २० टक्क्यांवर आणलं. आणि हो, शहरवाल्यांनी खाली बघू नये: १४ ऑक्टोबरच्या मध्यरात्री मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. मुलुंडला रोज टोल भरणाऱ्या माझ्या ऑफिसातल्या मंडळींनी पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. पंधराशे रुपये घेतले तर मत विकलं आणि टोल वाचला तर धोरण चांगलं, ही वर्गवारी करणारे कोण?

लाडक्या बहिणीचा पैसा शेतमजूर बाईच्या खात्यात थेट आला, नवऱ्याच्या किंवा मालकाच्या हातून नाही. सोयाबीनचा हमीभाव ४८९२ असताना बाजारात चार हजारांच्या आसपास चाललं होतं. शेतकरी नवरा चिडलेला आणि बायको निवांत, अशी घरं मी स्वतः लातूरला माहेरी पाहिली. ग्रामीण मत एकगठ्ठा आहे असं मानणाऱ्यांनी आधी एका घरातलं मत मोजावं.

---

ठाणेकर_नं१

टोलचा टोमणा पोचला. :) पण कर कोण भरतं हा प्रश्न राहतोच.

---

कट्टेकरी

झालं, 'आमच्या करातून' आलं. आता प्रतिसादांची शंभरी नक्की.

---

रस्सा_पांढरा

मी कोल्हापूरजवळच्या करवीरचा. धाग्याच्या नावात आमचं गाव बघून आलो आणि आमच्याबद्दल कोण काहीच बोललं नाही, म्हणून मीच लिहितो.

२०२४ च्या विधानसभेला कुलाब्यात ४४ टक्के मतदान आणि करवीरला ८४ च्या घरात. लोक म्हणतात गावची माणसं जागरूक. जागरूक बिगरूक काय नाही भावा. आमच्याकडं माणूस वर्षभर मतदारच असतो. दूध संस्थेची निवडणूक, विकास सेवा सोसायटीची, साखर कारखान्याची, गोकुळ दूध संघाची, जिल्हा बँकेची, ग्रामपंचायतीची, मग जिल्हा परिषद. सगळीकडं तेच दोन गट. माझं म्हसरू ज्या संस्थेत दूध घालतं ती कुठल्या गटाची, ऊस कुणाच्या कारखान्याला जातो, पीककर्ज कुणाच्या सहीनं मिळतं, यावर माझं रोजचं जगणं अडकलेलं आहे. विधानसभा ही त्याच भांडणाची मोठी आवृत्ती. कुलाब्यातल्या माणसाला आमदार पडला काय आणि आला काय, दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या पिशवीवर काही फरक पडत नाही.

आणि दुसरं, बूथ. निकालानंतर फॉर्म २० मध्ये बूथनिहाय मतं छापून येतात. त्याच्याही आधी, मोजणीच्या टेबलावरच कार्यकर्ता वहीत आकडे उतरवत असतो. संध्याकाळी गावात सगळ्यांना ठाऊक: वरल्या गल्लीनं किती 'लीड' दिलं, खालच्या आळीनं कुठं दगा दिला. पुढचा रस्ता, गटर, सभामंडप कुठं होणार ते त्याच वहीवर ठरतं. मत गुप्त असतं ते माणसाचं. गल्लीचं गुप्त नसतं. मग मुंबईत, पुण्यात असलेल्या पोरांना गाड्या करून आणतात, आणि अंथरुणाला खिळलेल्या आजोबांनाही खुर्चीवरून नेतात.

---

अनुस्वार

हा प्रतिसाद वेगळा धागा व्हायला हवा. सगळ्या बूथची मतं एकत्र मिसळून मोजणारं 'टोटलायझर' यंत्र आणावं असं निवडणूक आयोगानेच मागे सुचवलं होतं, कारण हेच. ते आलं नाही, का आलं नाही ते वर वाचा.

आता मात्र शहरातही हे सुरू झालंय. २०२४ ला मुंबई-पुण्यात मोठ्या गृहसंकुलांच्या आवारात मतदान केंद्रं दिली. म्हणजे यापुढे अमुक टॉवरने किती लीड दिलं तेही कळणार. बघू, मतदान वाढतं का.

---

चाकरमानी

ठाणेकर आणि कांदेवाले दोघेही मुंबईत 'शहरी' किती आणि 'गावचे' किती हे विसरून बोलतायत.

माझे वडील वाशीच्या बाजारात माथाडी. मूळ गाव साताऱ्याकडे, कोरेगाव तालुका. मुंबईत अख्खं आयुष्य काढलं पण मतदारयादीत नाव गावचंच. कारण विचारलं तर म्हणायचे, 'इथं आपल्याला कोण ओळखतं? तिथं नाव यादीतून गेलं की गावकीतून गेल्यासारखं.' कोकणातल्यांचंही तेच. मतदानाच्या आदल्या रात्री लालबाग, घाटकोपर, नालासोपाऱ्याहून गाड्या सुटतात. त्या गाड्यांचं भाडं कोण देतं हे सांगायला नको. आता दुबार नावांवरून रान उठलंय, आणि नाव एकाच ठिकाणी असावं हे रास्तच आहे. पण ज्याला नाव एकाच ठिकाणी ठेवायचंय त्याने कुठलं ठेवायचं? राहतो तिथलं, की जमीन आहे तिथलं? मुंबईतल्या कमी टक्क्यात अशी किती माणसं आहेत जी मत देतात, पण साताऱ्यात देतात?

याच्या उलट बाजूही आहे. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीनंतर बीडहून निघतात. २० नोव्हेंबरला मतदान म्हणजे ऐन हंगामाच्या तोंडावर. ज्याला मुकादमाने उचल दिली आहे तो कोणाच्या फडात आहे त्यावर त्याचं मत.

---

बाभूळबन

ऊसतोडीचं अगदी खरं. आणि परत आणायला गाडी पाठवणारा उमेदवार ती फुकट पाठवत नाही.

---

वाघोलीकर

आमच्यासारख्यांचं काय? मी ना शहरी ना ग्रामीण.

जून २०२१ ला २३ गावं पुणे महापालिकेत घेतली, त्यात वाघोली. त्या दिवशी ग्रामपंचायत गेली, सरपंच गेले. महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि प्रशासक बसले. निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. म्हणजे साडेचार वर्षं आम्हाला सरपंचही नव्हता आणि नगरसेवकही. कचऱ्यासाठी, टँकरसाठी, खड्ड्यासाठी अर्ज नेमका कोणाकडे द्यायचा हे मला आजही नीट सांगता येणार नाही. मिळकतकराची बिलं मात्र पालिकेच्या दराने वेळेवर आली.

आणि भांडण शहर विरुद्ध गाव असं कुठे असेल तर ते आमच्या एका प्रभागात आहे. गावठाणातले लोक म्हणतात, सोसायट्यांनी आमचं पाणी प्यालं. सोसायट्या म्हणतात, गाववाल्यांनीच जमिनी विकून टँकरचा धंदा काढला. दोघांचा आमदार एक, खासदार एक. हेच शिरूर लोकसभेत येतं. अमोल कोल्हेंचं यश कांद्याच्या खात्यावर मांडताय, त्यात भोसरी आणि हडपसरही आहे, तिथे कांदा फक्त भज्यात.

---

जुना_सभासद

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. शिरूरचा विषय निघाला म्हणून.

याच शिरूर मतदारसंघात चाकण आहे. शरद जोशी स्वित्झर्लंडमधली संयुक्त राष्ट्रांची नोकरी सोडून आले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन बसले. तिथल्या कांद्याच्या आंदोलनातून शेतकरी संघटना उभी राहिली. 'भारत विरुद्ध इंडिया' ही मांडणी त्यांचीच. तुम्ही वर ज्याला दोन वेग म्हणताय, ते त्यांनी चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी हिशेबाच्या वहीतून दाखवलं होतं: शेतमालाचा भाव आपोआप पडत नाही, शहराला स्वस्त खायला घालायचं म्हणून धोरणाने पाडला जातो. १९८० ला नाशिकच्या रस्त्यांवर कांदा आणि उसाच्या भावासाठी हजारो शेतकरी बसले होते. मी तेव्हा कॉलेजात होतो, लाठ्याही पाहिल्या आणि तुरुंगाला घाबरून पळणारेही.

पण एक गोष्ट नीट बघा. जोशींच्या सभेला लाखांनी लोक यायचे. त्यांनी पक्ष काढल्यावर मतं मिळाली नाहीत. सभेत तो शेतकरी होता, बूथवर गेला की मराठा, माळी, वंजारी, काँग्रेसवाला, सेनावाला झाला. बाभूळबन जे जालन्याबद्दल सांगतात ते तेव्हाही होतंच. कांद्यावर निवडणूक झाली असं २०२४ ला दिसलं, ते मला तर अपवादच वाटतं, कारण त्या वर्षी भावाचा राग, आरक्षणाचा राग आणि संविधानाची भीती एकाच वेळी एकाच बाजूला झुकले.

आणि ज्या चाकणला हे सगळं सुरू झालं तिथे आज गाड्यांचे कारखाने आहेत. कारखान्यातल्या निम्म्या पोरांची नावं मराठवाड्याच्या नाहीतर बिहारच्या यादीत. चाकणच्या कोंडीत तासन् तास अडकणारा हा माणूस चाकणच्या कुठल्याच उमेदवाराचा मतदार नाही.

---

उन्हाळ_कांदा

साहेब, असा प्रतिसाद आला की धागा काढल्याचं चीज झालं. अपवाद म्हणालात ते मान्य करायला जड जातंय, पण नोव्हेंबरचा निकाल तुमच्या बाजूने आहे.

अनुस्वार यांच्या प्रश्नाला माझं उत्तर: मतदार तेच, चाळीही त्याच, पण नोव्हेंबरला कांद्याला भाव होता. मे महिन्यात ज्याने मारलं त्याला शिक्षा, नोव्हेंबरला ज्याने दिलं त्याला मत. पुण्यातल्या माझ्या सहकाऱ्यांना हे संधिसाधू वाटतं. मला तर हिशेब चोख वाटतो. २०२५ च्या १ एप्रिलला उरलेलं २० टक्के शुल्कही गेलं, आणि तेव्हा उन्हाळ कांदा बाजारात येऊन भाव उतरायला लागले होते. भाव असताना दार बंद, भाव नसताना दार सताड उघडं. यावर २०२९ ला कोण मत देणार? तोवर आठवण राहील का, हा प्रश्न जुन्या सभासदांनी सांगितलेल्या गोष्टीनंतर जास्त खरा वाटतो.

---

अनुस्वार

आठवण राहील की नाही माहीत नाही, जागा राहतील का ते बघा.

२००१ च्या जनगणनेवर झालेल्या मतदारसंघांच्या फेररचनेत, जी २००९ च्या निवडणुकीला लागू झाली, ठाणे जिल्ह्याचे आमदार १३ चे २४ झाले (तेव्हा पालघर ठाण्यातच होतं). मुंबई ३४ ची ३६. आणि कोल्हापूर १२ चं १०, सातारा १० चं ८, रत्नागिरी ७ चं ५. एकूण २८८ च राहिले, म्हणजे एकाकडून काढून दुसऱ्याला दिले. २०११ ला राज्याची ४५ टक्के लोकसंख्या शहरी होती. पुढच्या जनगणनेचे आकडे आले की पुणे, ठाणे, पनवेल पट्टा अजून फुगलेला दिसणार. ज्या आमदाराला कांदा पिकवणाऱ्यांची मतं लागतात, अशा आमदारांची संख्याच कमी होणार. मग निर्यातबंदीवर विधानसभेत बोलणार कोण?

---

रस्सा_पांढरा

आमचे दोन आमदार गेले त्याचं अजून दुःख आहे ओ. एक तालुका दोन मतदारसंघांत फाडला, दोन्हीकडचे पुढारी म्हणतात रस्ता त्यांच्या हद्दीत.

---

चाकरमानी

ठाणे जिल्ह्याचे जे ११ वाढले, त्यात सातारा-रत्नागिरीहून गेलेलीच माणसं आहेत की. आमदार गेले नाहीत, बदलीवर आलेत. :)

---

वाघोलीकर

बदलीवर आलेत तर एक आमच्याकडे पाठवा. टँकरचा अर्ज द्यायचाय.

---

संपादक

फेररचनेवर वेगळी चर्चा करायची असेल तर कृपया नवा धागा काढावा. 'कर कोण भरतं' या विषयावरचे दोन प्रतिसाद वैयक्तिक शेरेबाजीमुळे उडवले आहेत. बाकी धागा चालू आहे.